आप्पांनी पुजलेले स्केट

माझी मुलगी स्केटिंग करते असं सांगितलं की वडवणीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती जोरात पळते?" ती पळत नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मग मी समजावून सांगते, अहो, शर्यत नसते ती. चाकांच्या बुटांवर उभं राहून संगीताच्या तालावर गिरक्या घ्यायच्या, उडी मारायची, हवेतच फिरायचं आणि एका पायावर खाली यायचं. फिगर स्केटिंग म्हणतात. परदेशात बर्फावर करतात, आपल्याकडं बर्फ कुठला, आपल्याकडं फरशीवर. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, "बरं बरं. पावकिलो साखर द्या."

बाजारपेठेत आमचं किराणा दुकान आहे. मी आणि माझा नवरा आळीपाळीनं गल्ल्यावर बसतो. नवरा गरीब गाय. मी तशी नाही. माझ्या तोंडाला अख्खा बाजार दचकून असतो, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. दुकान चालवायचं तर कुणीतरी बोलणारं लागतंच. पण मुलगी स्केटिंग करायला लागली तेव्हा तिनं पहिल्याच महिन्यात मला बजावलं, "आई, तू तिथं काठावर उभी राहा. पण बोलायचं नाही."

"म्हणजे? पडलीस तर?"

"पडले तरी नाही."

ती तेव्हा केवढी होती, जेमतेम माझ्या कंबरेएवढी. मला हसू आलं आणि रागही आला. पण सर, म्हणजे बीडला तिला शिकवणारे, तेही तिच्याच बाजूनं. म्हणाले, "ताई, काठावरून आईबाप ओरडले की पोरीचं अर्धं लक्ष त्यांच्याकडं जातं. तुम्ही नुसत्या दिसत राहा." मग काय, राहिले दिसत. शनिवारी-रविवारी एसटीनं बीडला जायचं, मैदानामागच्या सिमेंटच्या रिंकवर ती फिरणार आणि मी कठड्याला धरून तोंडाला कुलूप लावून उभी. माझ्या नवऱ्याला हे खरंच वाटत नव्हतं. एकदा तो मुद्दाम सोबत आला, मला दोन तास गप्प उभं राहिलेलं बघितलं आणि घरी येऊन शेजाऱ्यांना सांगत सुटला.

बाकीचे दिवस सराव आमच्याच गावच्या मंगल कार्यालयात. मालक नवऱ्याच्या ओळखीचा. लग्न नसेल त्या दिवशी हॉल उघडून द्यायचा. फरशी झकास, गुळगुळीत. फक्त लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अक्षता चिकटलेल्या असायच्या, आणि एक तांदूळ चाकाखाली आला की पोरगी तोंडावर आपटलीच म्हणून समजा. म्हणून मी आधी जायचे, पदर खोचायचे आणि सगळा हॉल झाडून घ्यायचे. मला तिच्या खेळातलं काही कळत नाही. उडीची नावं मला अजून पाठ झालेली नाहीत. झाडता येतं, ते मी केलं.

एक सकाळ मात्र मला आहे तशी आठवते. झाडून झालं होतं, मी स्टेजच्या पायरीवर बसले होते, नवरा-नवरीच्या खुर्च्या एका बाजूला सरकवलेल्या. ती महिनाभर एकाच उडीच्या मागं लागली होती आणि रोज पडत होती. गुडघे सोललेले, कोपरं काळीनिळी. त्या दिवशी ती लांबून वळणं घेत आली, एकदम वर गेली, आणि वर असतानाच अंगाभोवती हात आवळून फिरली. मग खाली आली ती एका पायावर, दुसरा पाय मागं लांब, हात पसरलेले, आणि तशीच मागं मागं सरकत गेली. आवाज नाही, काही नाही. चाकांची नुसती सळसळ.

अगं बाई! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ही माझ्या पोटची? हिचं नाक मी पुसते, हिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात, आणि हिला हे कुणी दिलं? माझ्या घरात कुणी पायरीवरून धड उडी मारलेली नाही. मी तिथंच बसून रडले. ती जवळ आली, धापा टाकत म्हणाली, "आई, जमलं." आणि मग माझं तोंड बघून, "तू बोलली नाहीस ना, म्हणून जमलं."

आता आप्पांचं सांगते. आप्पा म्हणजे माझे सासरे. घरात सगळे त्यांना आप्पाच म्हणतात, नातसुद्धा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, डोक्यावर पांढरी टोपी. दुकान त्यांनीच उभं केलेलं. या स्केटिंगला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. त्यांच्या लेखी ते 'चाकाचे बूट' होते. पोरगी सरावाला निघाली की "निगाली का माय?" एवढंच. कधी बघायला आले नाहीत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला आवडत नसावं, भांडण नको म्हणून गप्प बसतो.

आमच्या घरी खंडेनवमीला दुकानातल्या सगळ्या अवजारांची पूजा असते. जुना पितळी तराजू, लोखंडी वजनं, पोती उघडायचे हूक, सुतळीची कात्री, अडकित्ता, आता इलेक्ट्रॉनिक काटासुद्धा. हे काम आप्पांचं. सकाळी मागच्या अंगणात घंगाळ भरून घेतात, चिंच आणि राख लावून एकेक वस्तू घासतात, उन्हात वाळवतात, मग बिजागरीला, कडीला शेंगदाण्याचं तेल, वर भस्म आणि कुंकू, झेंडूचं फूल. पूजेला बसलेलं अवजार मधे कुणी हलवायचं नाही. दसरा होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा स्वतः हात लावून उचलणार, मगच ते कामाला. हा आमच्या घरचा रिवाज, दुसऱ्यांचा वेगळा असेल.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बीडला जिल्ह्याची निवड होती. तिच्या वयोगटातल्या पहिल्या दोघी विभागीय स्पर्धेला जाणार. आदल्या साली ती थोडक्यात हुकली होती, आणि पुढल्या साली वयोगट बदलून तिला मोठ्या मुलींत जावं लागणार होतं. म्हणजे जे व्हायचं ते याच वर्षी. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, या वेळी ती जाणार. ती उडी दुसऱ्या कुणाला येत नाही." घरात मी हा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. नंबर कितवा येईल, मेडल कुठं लावायचं, असलं काही एक नाही. पण ती स्वतःच कॅलेंडरपुढं उभी राहून बघत बसायची.

नवमीच्या दिवशी मी पुरण वाटत होते. ती धावत आत आली. "आई, बाहेर ये. लवकर ये."

देवघरासमोर पाटावर लाल कापड, त्यावर तराजू, वजनं, सगळं ओळीनं. आणि तराजूच्या शेजारी, सगळ्यांच्या मधोमध, तिचे स्केट. पांढरे बूट धुऊन लख्ख केलेले, चाकं आरशासारखी चकाकत होती. दोन्ही बुटांच्या पुढं भस्माचे तीन तीन पट्टे, मधे कुंकवाचं बोट. आप्पा हात पुसत उभे होते. कुणाकडं न बघता म्हणाले, "तिचं काम हाय ना ते. तराजू आमचं काम, ते तिचं. मग ते कावून नको पूजेला?"

एवढी वर्षं मी या माणसाला ओळखलंच नव्हतं म्हणायचं. पोरगी त्यांच्या पाया पडली, ते म्हणाले, "पड पड, पन पाटाला धक्का लावू नको." सगळे हसले. नवऱ्यानं फोटो काढला. चाकांच्या आत चिंचेचं पाणी, राख आणि शेंगदाण्याचं तेल गेलंय आणि दोन दिवस तिथंच मुरणार आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुकानातल्या वजनांना काय, राख लावा नाहीतर चिखल.

दोन दिवस सराव नाही. तीही काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे आप्पांनी पाटावरून स्केट उचलले, नव्या उपरण्यात गुंडाळले आणि म्हणाले, "चला. मी बी येतो."

एसटीत ते गठुडं त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही. कंडक्टरनं विचारलं, काय हाय काका, परसाद का? म्हणाले, "नातीची चाकं हायेत."

रिंकवर पोचलो. आप्पांना कठड्याजवळ खुर्ची मिळाली. ते शेजारच्या लोकांना सांगायला लागले की ही बगा आमची नात, वडवणीची. आम्ही दोघी मागं पायऱ्यांवर बसून स्केट बांधत होतो. तिनं सवयीनं एक बूट उलटा केला आणि अंगठ्यानं चाक फिरवलं. ते फिरलं नाही. कर्र करून अर्ध्यात थांबलं. दुसरं फिरवलं, तेही जडच. तिनं बोट आत घालून काढलं, करडा लगदा. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. सांगायला कशाला पाहिजे?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलेच. "थांब, बघतेच आता या म्हाताऱ्याला..." तिनं माझा हात धरून खाली खेचलं. केवढा जोर त्या हातात!

"आई. आप्पांना कळू द्यायचं नाही."

"अगं, वर्ष..."

"आई. बोलायचं नाही."

सर आले, त्यांनी चाकं बघितली आणि त्यांचं डोकंच फिरलं. "कुणी केलं हे? अक्कल आहे का? बेअरिंगला पाणी लावतं का कुणी?" ती म्हणाली, "मीच धुतले सर. दसरा होता म्हणून." त्यांनी तिला चार लोकांत नको नको ते बोलून घेतलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मी शेजारी बसून ऐकलं. माझ्या पोरीला कुणी असं बोलावं आणि मी ऐकून घ्यावं, हे आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल. सरांनी कुणाच्या तरी मोटारसायकलमधून पेट्रोल काढून आणलं, कापसानं जेवढं निघालं तेवढं काढलं. चाकं जरा मोकळी झाली. पण डाव्या पायाचं पुढचं एक काही केल्या दाद देईना, मधेच अडायचं. दुसरी चाकं नव्हती आणि तिचं नाव तर पुकारायला लागले. मग सर जरा शांत होऊन म्हणाले, "हे बघ, नीट ऐक. मधे चाक अडलं तर हात वर कर. स्केटमध्ये बिघाड असेल तर पंच तपासतात आणि पुन्हा पहिल्यापासून करू देतात. तोवर मी कुठूनतरी दुसरी चाकं मागून आणतो. घाबरायचं नाही."

म्हणजे अजून आशा होती. मी कठड्याला जाऊन उभी राहिले. माझ्या उजव्या हाताला आप्पा.

बासरीची धून सुरू झाली. पहिली वळणं तिनं अशी घेतली की मलाच शंका आली, चाक मोकळं झालं की काय. पाय जड आहेत हे मला दिसत होतं, दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल. मग ती उडीसाठी लांबून यायला लागली. डावा पाय टेकला, चाक अडलं, आणि ती उडीच्या आधीच धाडकन पडली. हाताच्या कोपरावर, मग हनुवटीवर. रिंकभर एकच आवाज झाला, "अरेरे!" संगीत थांबवलं.

आप्पा खुर्चीतून ताडकन उठले. टोपी खाली पडली. त्या शांततेत त्यांचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला. "माय! काय झालं गं? चाक आडलं का? मी तर तेल घातलतं! चांगलं तेल घातलतं की मी!"

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. घाबरलेल्या पोरासारखा.

मुख्य पंच बाई तिच्याजवळ चालत गेल्या. वाकून विचारलं, "बाळा, स्केटमध्ये काही बिघाड आहे का? असेल तर सांग, आपण बघू. तुला पुन्हा संधी मिळेल."

सर पलीकडून हातवारे करत होते, हात वर कर, वर कर. हनुवटीवर रक्त होतं तिच्या. ती पंचांकडं बघत नव्हती, सरांकडं बघत नव्हती. आप्पांकडं बघत होती. आणि मी, जिच्या तोंडाला बाजार दचकतो, मी तोंड उघडलं. सांगणारच होते. एक वाक्य लागलं असतं, तेवढ्यानं सगळं वर्ष वाचलं असतं. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं. मी तोंड मिटलं. कसं मिटलं ते माझं मला माहीत.

"न्हाई आप्पा," ती मोठ्यानं म्हणाली. "चाक चांगलं हाय. माझाच तोल गेला." आणि मग बाईंना, हळू आवाजात, "काही बिघाड नाही मॅडम. मी पुढं करते."

बाईंनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा मान हलवली. सरांनी कपाळावर हात मारला. आप्पा मटकन खुर्चीत बसले, शेजाऱ्यानं टोपी उचलून दिली, ती उलटीच डोक्यावर घातली आणि म्हणाले, "बगा, मी म्हनलं न्हाई? तेल लई चांगलं बसलंय."

थांबलं होतं तिथून संगीत पुन्हा सुरू झालं. पुढं जे बघितलं ते मी मेले तरी विसरणार नाही. जिथं जिथं डाव्या पायाचं काम होतं तिथं तिथं ती उजव्यावर गेली. कुठल्या कुठं बदललं, कधी ठरवलं, देव जाणे. तिचा तिलाच तोल सावरायला वेळ नव्हता आणि ती हात पसरून अशी हसत होती की बघणाऱ्याला वाटावं हे असंच बसवलेलं आहे. शेवटची गिरकी एका पायावर. हळू सुरू झाली, मग जोरात, मग इतक्या जोरात की तिचा चेहरा दिसेना. हनुवटीचं रक्त गळ्यावर ओघळलेलं. कपिलधारच्या यात्रेत पालखीसमोरसुद्धा माझे हात असे आपोआप जोडले गेले नव्हते. मला लाजही वाटली नाही. मनात एकच, की ही माझ्यापेक्षा मोठी आहे. वयानं नाही, पण मोठी आहे. मी हिला काय सांभाळणार?

तिसरा नंबर आला.

सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, हात का नाही वर केला तिनं? तुम्ही तरी सांगायचं." मी म्हटलं, "सर, माझी ताकद नाही तेवढी." त्यांना काही कळलं नसेल. ते मान हलवत निघून गेले.

परतीच्या एसटीत आप्पा अखंड बोलत होते. पडली, पन उठली बगा. रगात आलं तरी हासत होती. आपल्या घरान्यात असं कुनी न्हाई. ती त्यांच्या शेजारी खिडकीत बसून हं हं करत होती. मी मागच्या बाकावर होते. मला तिच्या मानेवरची बट तेवढी दिसत होती.

वडवणीला उतरलो. आप्पा गठुडं घेऊन पुढं झाले, दुकानाच्या दिशेनं, वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत. आम्ही दोघी मागं. मी विचारलं, "का गं? एक शब्द बोलायचा होता."

"तू त्यांचं तोंड बघितलंस ना?" ती म्हणाली. मग चार पावलं चालली आणि थांबली. ओठ वाकडे झाले, आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून ती हमसून हमसून रडायला लागली, लहान असताना रडायची तशी. "मला जायचं होतं गं आई. मला लई जायचं होतं."

मी तिला पोटाशी धरलं. तिचं सगळं अंग हलत होतं आणि मी नुसती पाठीवरून हात फिरवत होते.

आप्पांनी वळून बघितलं. लगबगीनं परत आले. "काय झालं? कावून रडायली?"

"काही नाही आप्पा," मी म्हणाले. "पाय दुखायलाय तिचा."

"मग सांगायचं न्हाई का माय!" ते तिथल्याच एका दुकानाच्या पायरीवर बसले, गठुडं बाजूला ठेवलं, मांडीवरचं धोतर सारखं केलं. भर बाजारात. येणारे-जाणारे बघायला लागले. आप्पांनी दोन्ही हात पुढं केले. "आन इकडं. कोनता पाय?"

तिनं डोळे पुसले, माझ्याकडं बघितलं, आणि डावा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.